कर्करोगाच्या दुखण्यासाठी मॉर्फिन सुरू केले आहे. वडिलांना व्यसन लागेल का?

वडिलांचा कर्करोग हाडांत पसरला असून डॉक्टरांनी दर चार तासांनी मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी सांगितली आहे, मात्र सवय लागेल या धास्तीने आपण ती दुखणे असह्य झाल्यावरच देता, असे आपण लिहिले आहे. मी घरोघरी जाऊन अशा रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या पथकात परिचारिका आहे. माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे की गोळी सांगितलेल्या वेळीच द्यावी, दुखणे वाढण्याची वाट पाहू नये.

साध्या मॉर्फिनच्या गोळीचा अंमल साधारण चार तास टिकतो. दुखणे शिगेला पोहोचल्यावर गोळी दिली, तर ती लागू पडेपर्यंत रुग्ण कण्हत राहतो, आणि एकदा चढलेले दुखणे उतरवायला औषधही अनेकदा जास्त लागते. एका घरी सूनबाई भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या नोंदीशेजारी गोळीच्या वेळा मांडत असत. पण दुपारच्या दोन गोळ्यांपुढे खूण नसे, कारण ‘आत्ता दुखत नाही ना, मग कशाला उगाच’ असे मुलाचे म्हणणे होते, आणि आजींची प्रत्येक संध्याकाळ तळमळण्यात जात होती. वेळा नियमित झाल्यावर चौथ्या दिवशी आजी भिंतीला धरून मोरीपर्यंत स्वतः गेल्या. रात्रीच्या गोळीसाठी झोपमोड करावी लागते का, हे डॉक्टरांना विचारावे. झोपतानाची मात्रा वाढवून ते पुष्कळदा ही अडचण सोडवतात, पण ती आपल्या मनाने वाढवू नये.

काही आठवड्यांत शरीर या औषधाला सरावते आणि ते एकाएकी थांबवले तर घाम, जुलाब, अंगदुखी, बेचैनी सुरू होते, म्हणून बंद करायचे झाल्यास मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. याला व्यसन म्हणत नाहीत. नुकसान दिसत असूनही औषधामागे धावणे आणि त्यावर ताबा न राहणे हे व्यसन, आणि कर्करोगाच्या वेदनेसाठी देखरेखीखाली औषध घेणाऱ्यांत ते क्वचितच आढळते. तरीही पूर्वी दारूचे किंवा कसलेही व्यसन असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नये.

ज्याची काळजी खरोखर करायला हवी, त्यातली पहिली गोष्ट म्हणजे बद्धकोष्ठ. सुरुवातीची मळमळ आणि गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र औषध चालू असेपर्यंत राहतो, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून जोडीने लागते. घरोघरी इसबगोल दिले जाते, पण पाणी कमी पिणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णात ते आतड्यात साचून त्रास वाढवू शकते. रुग्णाने मॉर्फिन नको म्हणण्यामागे अनेकदा दुखणे कमी झाले हे कारण नसते, तर चार दिवस शौचाला न झाल्याची लाज असते. हे आपणहून, आडोशाला विचारावे लागते.

दुसरा धोका श्वासाचा. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी किंवा दारू यांच्या जोडीने मॉर्फिन घेतल्यास श्वास धोकादायक रीतीने मंदावू शकतो. हाक मारून, हलवूनही रुग्ण जागा होत नसेल, श्वास फार सावकाश चालला असेल, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर पुढची गोळी न देता लगेच १०८ ला फोन करावा. मूत्रपिंड नीट चालत नसेल तर औषधाचे अंश शरीरात साठतात, त्यामुळे लघवी कमी झाल्यास किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागल्यास त्याच दिवशी कळवावे. पुढे दीर्घकाळ अंमल टिकणारी गोळी मिळाली, तर ती कुटून देऊ नये. बारा तासांचे औषध एकदम अंगात उतरते.

हे औषध प्रत्येक दुकानात मिळत नाही, कारण १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने त्यावर कडक नियंत्रण आहे. २०१४ च्या दुरुस्तीने वैद्यकीय वापराची वाट सोपी केली, तरी गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी चौकशी करावी. त्या कुलूपबंद ठेवाव्यात, रोज मोजाव्यात आणि शेजाऱ्याच्या कंबरदुखीसाठी एकही देऊ नये. मात्रा बदलून गोळ्या उरल्या, तर जिथून मिळाल्या तिथे नेऊन परत कशा करायच्या ते विचारावे.