ओव्हनचा इग्नायटर लाल होतो, पण आच पेटत नाही. व्हॉल्व बदलू का?

तुम्ही लिहिलंय की वरच्या शेगड्या नीट चालतात. ओव्हनचा नॉब फिरवला की तळाचा इग्नायटर, म्हणजे गॅस पेटवणारी विजेवर तापणारी कांडी, लाल होतो, पण पाच-सात मिनिटं काहीच घडत नाही. मग कधी ‘भप्प’ करून पेटतो, कधी पेटतच नाही. आणि दुरुस्तीवाल्याने फोनवरच ‘गॅस सोडणारा व्हॉल्व गेलाय’ म्हणून सांगून टाकलंय.

व्हॉल्व इतक्यात मागवू नका. मी तेच केलं होतं. नवा व्हॉल्व आणून बसवून घेतला आणि ओव्हनचं रडगाणं जसंच्या तसं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! दोष इग्नायटरचाच होता, पण तो डोळ्यांदेखत लाल होत होता, म्हणून त्याच्यावर संशय घ्यायचं सुचलंच नाही.

तो लाल होतो म्हणजे ठीक आहे, असं का धरता येत नाही ते सांगतो. या प्रकारच्या ओव्हनमध्ये इग्नायटर आणि गॅसचा व्हॉल्व एकाच वायरीवर एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणजे इग्नायटरमधून जाणारा करंटच पुढे व्हॉल्वमधून जातो. इग्नायटर बहुधा सिलिकॉन कार्बाइडचा असतो. थंड असताना त्याचा विरोध जास्त, तापत जाईल तसा कमी; त्यामुळे करंट हळूहळू चढतो. व्हॉल्वच्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते. करंट पुरेसा झाला की ती तापून वाकते आणि मगच गॅस सुटतो. म्हणजे निखारा तयार झाल्याशिवाय गॅस सोडायचाच नाही, अशी ही सोय आहे. इग्नायटर जुना झाला की त्याचा विरोध वाढतो. लाल तर दिसतो, पण करंट पट्टी वाकवण्याइतका चढत नाही. काठावर असला तर व्हॉल्व उशिरा आणि अर्धवट उघडतो, गॅस साचतो आणि तुमचं ते ‘भप्प’ होतं. तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत ओव्हन वापरूच नका, आणि काडी ओढून पेटवायच्या फंदात तर अजिबात पडू नका. गॅसचा वास येत असेल तर विजेच्या बटणांना हात न लावता कॉक बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर पडा.

(तुमचा ओव्हन टिकटिक करत ठिणगीने पेटणारा असता, तर हे काहीच लागू नव्हतं. ती वेगळी जात.)

पक्की खात्री करायची तर क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा मीटर, लागतो. इग्नायटरच्या दोनपैकी एकाच वायरीभोवती तो अडकवायचा. दोन्ही धरल्या तर आकडा शून्यच येणार. मग ओव्हन चालू करून दीड-दोन मिनिटं आकडा स्थिर होऊ द्यायचा. गोल इग्नायटरला साधारण 2.5 ते 3.0 अँपिअर आणि चपट्याला 3.2 ते 3.6 अँपिअर लागतात. पुष्कळदा हा आकडा व्हॉल्ववरच छापलेला असतो, तोच प्रमाण माना. चपट्या इग्नायटरवर 2.7 दिसला, तर तो कितीही झगझगीत दिसो, गेला म्हणायचा. ही तपासणी चालू विजेवर होते, तेव्हा उघड्या टोकांना हात नको. आणि गॅस साचतोय असं वाटलं तर लगेच बंद करा.

मीटर नसेल तर घड्याळ लावा. चांगला ओव्हन मिनिटभरात, फार तर दीड मिनिटात पेटतो.

साध्या मल्टिमीटरने प्लग काढून ओहम, म्हणजे विरोध, मोजणं इथे फसवं ठरतं. इग्नायटर अजिबात लाल होत नसेल आणि मीटर ‘सर्किट तुटलेलं’ दाखवत असेल, तर तो मेला हे नक्की. पण थकलेला इग्नायटर थंड असताना कित्येकदा झकास आकडा दाखवतो, म्हणून तुमच्या बाबतीत त्यावर भिस्त ठेवू नका.

आता बदलणं. गॅसच्या उपकरणाला परवानाधारक माणसानेच हात लावायचा असा नियम तुमच्याकडे असेल, तर त्यालाच बोलवा. नाहीतर ओव्हन पूर्ण गार होऊ द्या, प्लग काढा, गॅसचा कॉक बंद करा. जाळ्या काढा, तळाचा पत्रा सोडवा. त्याखाली ज्योत पसरवणारा आणखी एक पत्रा असतो, तोही काढा. इग्नायटर बर्नरच्या कडेला दोन स्क्रूंवर बसलेला दिसेल. खरा वेळ खातात हे स्क्रू. उष्णतेने ते इतके धरून बसतात की जोर केला तर डोकंच तुटतं. गंज सोडवणारं तेल लावून थांबा, आणि पेटवण्याआधी ते तेल अगदी कोरडं पुसून काढा.

दुसरी मेख वायरीची. जोडणी बऱ्याच ओव्हनमध्ये मागच्या भिंतीच्या भोकापलीकडे असते. वायर हळूच पुढे ओढून घ्या, आणि जुना इग्नायटर सोडवण्याआधी मागून येणाऱ्या वायरीला चिमटा लावा. मी लावला नव्हता. ती सुळकन मागे गेली आणि अख्खा ओव्हन भिंतीपासून सरकवावा लागला.

नवा इग्नायटर मॉडेल नंबर पाहूनच घ्या. चपट्याच्या जागी गोल बसवला तर व्हॉल्व उघडायला करंट पुरत नाही. गोलाच्या जागी चपटा बसवला तर जास्त करंटने व्हॉल्व खराब होऊ शकतो. त्याला धरायचं ते बुडाच्या चिनी मातीला किंवा पत्र्याच्या पट्टीला. राखाडी कांडीला बोटही लावू नका, कारण ती भलतीच ठिसूळ असते. कनेक्टर जुळत नसेल आणि वायरी कापून जोडाव्या लागल्या, तर जोडावर चिनी मातीच्याच टोप्या वापरा. प्लॅस्टिकच्या टोप्या आणि साधी चिकटपट्टी तिथे वितळते.

ज्योतीचा पत्रा परत लावा, तळाचा पत्रा मात्र बाहेरच ठेवा. मग कॉक उघडा, प्लग लावा आणि ओव्हनचं दार उघडं ठेवून पेटवून बघा. दीड मिनिटाच्या आत बर्नरभर निळी ज्योत धावली पाहिजे. न पेटल्यास लगेच बंद करा आणि हवा खेळू द्या. पेटला तर गार झाल्यावर तळ बसवा आणि एकदा अर्धा तास रिकामाच चालवा, म्हणजे उरलंसुरलं तेल आणि वास निघून जाईल.

करंट पुरेसा असूनही गॅस येत नसेल, तर मात्र दुरुस्तीवाल्याचं म्हणणं खरं. व्हॉल्वला थेट गॅसची नळी जोडलेली असते, म्हणून ते काम मी तेव्हाही स्वतः केलं नाही. मीटरवर काय आकडा आला आणि व्हॉल्ववर काय छापलंय, ते इथे लिहा, मग बघू.