न्यूझीलंडला अर्जंट केअर: गल्फचा अनुभव धरतात का?

डॉक्टर, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. तुमचं भारतातलं एमबीबीएस, मग मस्कतच्या कॅज्युअल्टीत कित्येक वर्षं नाइट ड्युट्या, आणि आता एजन्सीवाले म्हणतायत की न्यूझीलंडमध्ये अर्जंट केअर (तातडीचे पेशंट बघणाऱ्या) आणि आफ्टर अवर्स (रात्री-सुट्टीला चालणाऱ्या) क्लिनिकना डॉक्टर हवेच आहेत, अनुभव बघून रजिस्ट्रेशन होऊन जाईल. मीही गल्फमधूनच अर्ज केला होता आणि मलाही जवळपास हेच ऐकवलं होतं. तसं होत नाही हो.

तिथली मेडिकल काउन्सिल आधी हे बघते की तुम्ही कुठल्या पाथवेने, म्हणजे रजिस्ट्रेशनच्या कुठल्या मार्गाने, येताय. कम्पॅरेबल हेल्थ सिस्टिमचा, म्हणजे तिथल्यासारखी आरोग्यव्यवस्था असलेल्या देशांचा, पाथवे हा यूके, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, सिंगापूर वगैरे ठरलेल्या यादीतल्या देशांत आधीच्या 48 महिन्यांपैकी 33 महिने काम केलेल्यांसाठी आहे. यादीत भारतही नाही आणि गल्फही नाही. राहता राहिली एनझेडरेक्स, म्हणजे बाहेरच्या डॉक्टरांसाठीची तिथली परीक्षा; ती, त्याच्या आधीची यूकेची प्लॅब 1 किंवा अमेरिकेची यूएसएमएलई, इंग्लिशची आयल्ट्स, एपिकचं म्हणजे डिग्रीच्या कागदांचं व्हेरिफिकेशन हे सगळं तुम्हाला माहीत असणार, त्यात शिरत नाही.

माझं खरं नुकसान केलं ते एका एजन्सीने, नाव घेत नाही. त्यांनी माझी फाइल त्या कम्पॅरेबल पाथवेखालीच तयार करायला घेतली. टाके, प्लास्टर, इन्ट्युबेशन, सगळ्याचं लॉगबुक, प्रत्येक पानावर एचओडीची (विभागप्रमुखाची) सही आणि शिक्का, मग लेटरहेड बदललं म्हणून तीच पत्रं परत. गल्फ कुठल्या नियमात बसतं असं विचारलं की एकच उत्तर, "आमचे बरेच डॉक्टर असेच गेलेत मॅडम." आणि इकडे आयल्ट्सच्या निकालाची 2 वर्षांची मुदत सरत होती, प्लॅबच्या निकालालाही 5 वर्षांची मर्यादा. शेवटी काउन्सिलचं उत्तर आलं ते दोन ओळींचं, हा पाथवे तुम्हाला लागू नाही. तोवर एजन्सीत माझी फाइल बघणारी बाई सोडून गेली होती आणि नवीन माणूस मला पहिल्यापासून कागद मागायला लागला. अजून संताप होतो. इंग्लिश परीक्षा परत द्यायची म्हणजे नुसती फी नसते, नाइट करून आल्यावर निबंध लिहायला बसायचं असतं.

आता मुद्द्याचं. तिथे अर्जंट केअर हा स्वतंत्र व्होकेशनल स्कोप, म्हणजे स्पेशालिस्ट म्हणून रजिस्ट्रेशनचा वेगळा प्रकार आहे, त्याचं वेगळं कॉलेज (त्या शाखेची संस्था) आहे, फेलोशिप आहे. कॅज्युअल्टीतली वर्षं म्हणजे ती क्वालिफिकेशन नव्हे. जनरल स्कोपवरचे, म्हणजे स्पेशालिस्ट नसलेले, डॉक्टरही अशा क्लिनिकमध्ये असतात, पण एनझेडरेक्सवाल्याला पास झाल्यावर साधारणपणे आधी हॉस्पिटलमध्ये इंटर्नची पोस्ट करावी लागते आणि ती मिळायलाच मारामार आहे, पास होऊन बसून राहिलेले बरेच आहेत. म्हणून माझं स्पष्ट मत, हातात पोस्ट येईपर्यंत मस्कतचा राजीनामा देऊ नका. कोणाला हे फार निगेटिव्ह वाटेल, वाटू दे.

पीजी, म्हणजे एमडी किंवा डीएनबी, असेल तर गोष्ट वेगळी. मग व्होकेशनल पाथवेने अर्ज करता येतो, तुमचं ट्रेनिंग तिथल्या ट्रेनिंगच्या तोडीचं आहे का हे काउन्सिल कॉलेजचा सल्ला घेऊन ठरवते. इमर्जन्सी मेडिसिन आणि अर्जंट केअर हे तिथे दोन वेगळे स्कोप आहेत, तेव्हा कशात तुलना करून घ्यायची ते आधी ठरवा.

अजून एक, नावं. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव पहिलं, पासपोर्टवर शेवटी, बायकांचं लग्नानंतर तिसरंच. ही सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं अॅफिडेव्हिट आत्ताच करून ठेवा. गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (तुमच्यावर कारवाई नाही असा दाखला) मात्र घाईने काढू नका, ते लवकर जुनं होतं.

आणि ऑफर आलीच तर रात्री आणि वीकेंडला सुपरव्हायझर कोण, जागेवर असेल की फोनवर, हे लेखी घ्या. इंज्युरीचे पेशंट भरपूर असतात, प्रत्येकाचा एसीसी 45 फॉर्म (तिथल्या सरकारी अपघात भरपाई योजनेचा क्लेम) भरायचा असतो, तो शिकून घेतलात तर पहिले आठवडे सोपे जातील.

मी काही इमिग्रेशनवाली नाही, नियम बदलतात, काउन्सिलच्या साइटवर सेल्फ असेसमेंट आहे ते स्वतः भरा, एजन्सीला भरू देऊ नका. तुमचं एमडी किंवा डीएनबी झालंय का ते पोस्टमध्ये दिसलं नाही, ते सांगा, त्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.