डेटा सेंटरच्या संशोधनासाठी ठरावीक पीयूई धरून केलेले मॉडेल पुरेसे असते का?

सर्व्हरचा वीजवापर काढून त्याला १.५ या ठरावीक पीयूईने (डेटा सेंटरची एकूण वीज भागिले सर्व्हरसारख्या आयटी उपकरणांची वीज) गुणले तर मॉडेल वास्तवदर्शी ठरेल का, असे आपण विचारले आहे. वर्षभराच्या वीजवापराचा ढोबळ अंदाज हवा असेल तर हरकत नाही; परंतु संगणन, वीजपुरवठा आणि शीतकरण यांचा एकमेकांवर होणारा परिणाम अभ्यासायचा असेल तर ते पुरेसे नाही, कारण जो संबंध शोधायचा आहे तोच या गुणाकारात आधी गृहीत धरलेला असतो.

समजा, सर्व्हरकडे येणाऱ्या हवेचे तापमान २२ वरून २७ अंश सेल्सिअसवर नेले. चिलरची, म्हणजे शीतकरणासाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राची, वीज वाचते, पण सर्व्हरमधले पंखे अधिक वेगाने फिरू लागतात. पंख्याची वीज साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे २० टक्के जादा वेगासाठी सुमारे ७३ टक्के जादा वीज लागते, आणि ही वीज आयटी उपकरणांच्या खात्यात, म्हणजे पीयूईच्या छेदात, मोजली जाते. त्यामुळे एकूण वापर वाढूनही पीयूई सुधारलेला दिसू शकतो. म्हणूनच पंखे मॉडेलमध्ये स्वतंत्र ठेवावेत, असा माझा आग्रह आहे.

हवेचा हिशेबही रॅकनिहाय, म्हणजे सर्व्हर एकावर एक बसवलेल्या प्रत्येक उभ्या चौकटीसाठी वेगळा, करावा. १० किलोवॉटच्या रॅकमधून जाताना हवा १२ अंशांनी तापू द्यायची असेल, तर सेकंदाला सुमारे ०.७ घनमीटर हवा लागते. ४० किलोवॉटला त्याच्या चौपट. तेवढी हवा पुढून मिळाली नाही, तर सर्व्हर मागची गरम हवाच पुन्हा ओढून घेतात, आणि रॅकच्या वरच्या भागातील सर्व्हरना याची झळ बहुधा आधी लागते. प्रत्येक क्षणासाठी सीएफडी, म्हणजे हवेच्या प्रवाहाचे सविस्तर संगणकीय गणित, चालवणे परवडत नाही. म्हणून निवडक स्थितींसाठी ते चालवून कोणत्या रॅकची किती उष्णता कोणत्या रॅककडे परतते याचे कोष्टक करावे आणि पुढे तेच वापरावे.

यूपीएसची कार्यक्षमता भारानुसार बदलते. दुहेरी पुरवठ्यात (एक बंद पडल्यास दुसऱ्याने पूर्ण भार उचलावा म्हणून दोन यूपीएस असतात तेव्हा) प्रत्येक यूपीएसवर सहसा निम्म्याहून कमी भार असतो, त्यामुळे माहितीपत्रकातील सर्वोच्च आकडा न घेता संपूर्ण वक्र घ्यावा. संगणनाच्या भारासाठी गूगलने प्रसिद्ध केलेल्या २०११ आणि २०१९ च्या क्लस्टर-नोंदी (सर्व्हर-समूहांवर चाललेल्या कामांच्या नोंदी) उपयोगी आहेत. मात्र त्यांतील सीपीयू वापर सापेक्ष एककांत असल्यामुळे वॉटमध्ये रूपांतर करण्यासाठी वेगळे सर्व्हर-मॉडेल जोडावे लागते.

पडताळणी मात्र ज्या भारावर मॉडेलचे गुणांक बसवले त्याच भारावर करू नये. रिकाम्या वेळेची आणि एखादे शीतकरण यंत्र बंद पडल्यानंतरच्या काही मिनिटांची मोजमापे त्यासाठी राखून ठेवावीत.