नवा लॅपटॉप आला आणि सगळे शॉर्टकट गेले

प्रश्न : ताई, ऐरोलीत एका कंपनीत बॅकएंडला (सर्व्हरच्या बाजूचा कोड) आहे. गेल्या महिन्यात लॅपटॉप बदलून मिळाला आणि जुना त्याच दिवशी पुसला, माझे एलियस (लांब कमांडची छोटी नावं), छोट्या स्क्रिप्ट्स, एसएसएचचं (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायचं) सेटिंग सगळं गेलं. थोड्या कमांड आयफोनवरून टाइप करून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवल्या होत्या, त्या आता पेस्ट केल्या की एरर येतो. हे सगळं नीट ठेवायचं कुठे? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : अरे, व्हॉट्सॲपवर कमांड ठेवणारा तू पहिला नाहीस, मीही ठाण्याहून घणसोलीला ट्रान्स-हार्बरमध्ये उभ्या उभ्या तेच करायचे. एरर येतो कारण आयफोनचा कीबोर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो आणि दोन डॅश लागोपाठ टाकले की त्यांची एक लांब रेघ करतो, डोळ्याला छान दिसतं पण बॅशला, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या शेलला, ते वेगळंच अक्षर. सेटिंगमधलं स्मार्ट पंक्च्युएशन बंद कर, नाहीतर सरळ साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिही.

आणि हिस्टरीवर, म्हणजे टाइप केलेल्या कमांडच्या यादीवर, विसंबू नकोस, कंट्रोल आर दाबलं की सापडेलच असं आपल्याला वाटतं पण बॅश मुळात 500 कमांड लक्षात ठेवतो, उबुंटू लिनक्सवर तयार मिळणाऱ्या सेटिंगच्या फाइलमध्ये 1000 केलेलं असतं, त्यात निम्म्या फोल्डर बघायच्या-बदलायच्या एलएस आणि सीडीच असतात. मागच्या दिवाळीत लिहिलेली ती लांबलचक कमांड कधीच वाहून गेलेली असते.

मी काय करते सांगते. डॉटफाइल्स नावाचं एक फोल्डर, त्यात बॅशआरसी (बॅशच्या सेटिंगची फाइल), गिट कॉन्फिग, एडिटरची सेटिंग, आणि त्या फोल्डरवर गिट, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद राहते. होम फोल्डरमध्ये खऱ्या फाइल्स नाहीतच, नुसत्या सिमलिंक, म्हणजे खऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या, ते ग्नू स्टो नावाचं टूल लावून देतं. नवं मशीन आलं की गिटवरून क्लोन (नक्कल) करायचं, स्टो चालवायचं आणि चहाला जायचं. (या फाइल्सची नावं टिंबाने सुरू होतात आणि त्या लपलेल्या असतात ना, ते म्हणे कुणी ठरवून केलंच नव्हतं. एलएसने टिंब (हेच फोल्डर) आणि दोन टिंबं (वरचं फोल्डर) दाखवू नयेत म्हणून पहिलं अक्षर टिंब आहे का एवढंच तपासलं आणि टिंबाने सुरू होणारं बाकी सगळंही गायब झालं, युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाइकने सांगितलेली गोष्ट आहे ही.)

पण खरी किंमत स्निपेटच्या (जपून ठेवलेल्या कमांडच्या) वर लिहिलेल्या ओळीची. कमांड काय करते ते मॅन पेजवर (कमांडच्या माहितीपानावर) मिळतं, ती तुला का लागली ते कुठेच मिळत नाही. माझ्याकडे एक स्क्रिप्ट आहे, तिच्यात मध्येच पाच सेकंदांचा स्लीप (थांबा), दोन वर्षांनी मला तो फालतू वाटला म्हणून काढला आणि अख्खी संध्याकाळ घालवल्यावर कळलं की डेटाबेस उठायला तेवढा वेळ घेतो. एक ओळ लिहिली असती तर सातची लोकल मिळाली असती.

पासवर्ड आणि एपीआय की (दुसऱ्या सेवेत शिरायची गुप्त किल्ली) मात्र या फोल्डरमध्ये नको, रेपो (गिटने सांभाळलेलं हेच फोल्डर) प्रायव्हेट असली तरी नको. चुकून गेलीच तर फाइल डिलीट करून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये (गिटने जपलेल्या नोंदीत) ती तशीच बसलेली असते, की रद्द करून नवीनच घ्यावी लागते. एसएसएचची की पण मशीनगणिक नवी बनव. आणि ऑफिसचे सर्व्हर, क्लायंटची नावं स्वतःच्या रेपोत टाकू नकोस, नोकरी जाईल बाबा.

प्रश्न : मॅडम, वीस वर्षं जपलेली माझी बॅशआरसी टीममधल्या नव्या मुलीला दिली, तिच्या मॅकवर काहीच चालत नाही. फाइल बिघडली का? (एक वाचक, ठाणे पश्चिम)

उत्तर : फाइल ठीक आहे हो, वाचणारं कुणी नाहीये. मॅकवर 2019 च्या कॅटालिनापासून बॅशऐवजी झी शेल असतो, तो बॅशआरसीकडे बघतसुद्धा नाही, त्याची झेडएसएचआरसी वेगळी. बॅश चालू केला तरी मॅकबरोबर येणारा 3.2 आहे, 2007 च्या आसपासचा, लायसन्स बदललं म्हणून ॲपलने तिथेच थांबवला, त्यामुळे तुमच्याकडे असोसिएटिव्ह ॲरे (नावाने किंमत शोधायच्या याद्या) असतील तर ते मेले. सेडचा (मजकूर बदलणाऱ्या कमांडचा) मायनस आय, म्हणजे फाइल जागीच बदलायचा पर्याय, पण तिथे वेगळा वागतो, बॅकअपचं एक्स्टेन्शन मागतो, नको असेल तर रिकामी अवतरणं द्यावी लागतात.

खरं सांगू का, अख्खी फाइल देऊच नका. तुमच्या वीस वर्षांतल्या सवयी तिच्या नाहीत. ज्या दहा ओळी खरंच रोज लागतात तेवढ्या काढा आणि शेजारी बसून टाकून द्या.

प्रश्न : नोट्स मराठीत लिहिल्या तर चालतील का? (एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : बिनधास्त लिही, फाइल यूटीएफ-8 (सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) असली की झालं, टीमच्या कोडमध्ये तेवढं टीमचं ऐक. फाइलचं नाव रोमनमध्ये ठेव, टर्मिनलमध्ये कीबोर्ड बदलत बसायला वैताग येतो. एक गंमत, 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, एकात नुक्तावाला र असतो, दुसऱ्यात साधा र आणि न दिसणारा जोडक. दिसायला सारखेच, पण ग्रेपला (मजकूर शोधणाऱ्या कमांडला) एक दिलास तर दुसरा सापडत नाही, मी एकदा स्वतःचीच नोट हरवली समजून परत लिहून काढली होती.