गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा यात फरक काय? माडाला जास्त धोका कोणाचा?

सोंड्याचा. हे आमच्या काकांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

दिसायला काळा आणि डोक्यावर शिंग तो गेंड्या, तांबूस आणि लांब सोंडेचा तो सोंड्या, हे तुम्हाला माहीत असेलच. खरा फरक खाण्यात आहे. गेंड्याचा मोठा भुंगा सुईत, म्हणजे शेंड्याच्या न उघडलेल्या कोवळ्या झावळीत शिरून खातो, त्याची अळी गायरीत (शेणखताच्या खड्ड्यात) नाहीतर कुजक्या ओंडक्यात पडलेली असते, जित्या माडाच्या वाटेला जात नाही. सोंड्याचं उलटं, भुंगा अंडी घालून मोकळा आणि अळी आतून खोड पोखरते. 5 ते 20 वर्षांच्या माडांवर त्याचा डोळा जास्त.

आमच्या परसातल्या माडाची नवी झावळ उघडली ती कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी, म्हणजे गेंड्या. काकांनी नारळ काढणाऱ्या पाडेल्याला चढवून तारेच्या हुकाने भुंगा ओढून काढला, अंगणात सगळ्यांना दाखवला, झालं, विषय संपला. मी म्हणत होतो वाळूत निंबोळी पेंड कालवून झावळ्यांच्या बेचक्यात भरा, तर "तुमचं आपलं पुस्तकी" हे ऐकावं लागलं, वर त्याच खेपेला हिरव्या झावळ्या पार खोडाला लागून तोडल्या. ताज्या जखमेच्या वासावर तर सोंड्या येतो! पुढे खोडातून तपकिरी रस गळायला लागला, भोकांतून चावलेला चोथा बाहेर, खोडाला कान लावला की आत कुरूकुरू चाललेलं ऐकू यायचं. शेंडा कलंडला तेव्हा काका म्हणाले, वीज पडली असेल. खोड फोडलं तर बिनपायाच्या जाड अळ्या आणि माडाच्याच धाग्यांचे गुंडाळलेले कोष. तरी म्हणे, हे गेंड्याचेच.

तर गेंड्या काढलात की भोक बुजवा, हिरवी झावळ तोडायचीच असेल तर खोडाकडे 120 सेंटिमीटर देठ ठेवा, गायरीत गेंड्याच्या अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी घाला, मेलेला माड बागेत ठेवू नका, फोडून जाळा. वासाने भुंगे ओढणाऱ्या कामगंध सापळ्याची ल्यूर (आत ठेवायची वासाची पुडी) दोघांची वेगळी असते, बघून घ्या, आणि सापळा लहान माडांजवळ लावू नका, भुंगे तिथेच गोळा होतात.

हां, नवीन लागवड असेल तर गेंड्यालाही हलक्यात घेऊ नका, कोंबच खाल्ला तर रोप जातं. पण मोठा माड नुसत्या गेंड्याने सहसा मरत नाही, उत्पन्न घटतं. आणि आमचा तर चांगला धरता, नारळ देणारा माड होता.