मुलगी घरात, आई ड्युटीवर

'ताई, मी लातूर जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत मुलींच्या होस्टेलची रेक्टर आहे. शाळा गावापासून लांब, माळावर. निम्मी लेकरं बसनं येऊन-जाऊन करतात, निम्मी इथंच राहतात. होस्टेलला लागून मला दोन खोल्यांचं क्वार्टर आहे. माझी मुलगी याच शाळेत आठवीत शिकते. मिस्टर परभणीला दुकानात असतात, शनिवारी रात्री येतात. शाळेच्या आवारात तिनं मला मॅडम म्हणायचं हे मी ती पाचवीत असतानाच ठरवून दिलं, उगाच कुणी बोट दाखवायला नको म्हणून. मेसमध्ये तिला मी सगळ्यांच्या शेवटी वाढते. 17 सप्टेंबरला झेंडावंदनानंतर बुंदी होती, ती नेमकी तिच्या ताटापाशी संपली. ती काही बोलली नाही.

'दिवाळीच्या सुट्टीनंतर तिनं बोलता बोलता सांगितलं की एका मुलीच्या पेटीत मोबाईल आहे. मी त्याच रात्री पेट्या तपासल्या. साधा बटणांचा मोबाईल निघाला. पालकांना बोलावून घेतलं आणि त्या अख्ख्या खोलीचा रविवारचा टीव्ही महिनाभर बंद केला. तेव्हापासून माझ्या मुलीशी कुणी बोलत नाही. तिला सीसीटीव्ही म्हणतात. चार वाजता बस गेली की ही एकटी. परवा म्हणाली, मला होस्टेलमध्येच कॉट दे, नाहीतर आजीकडं पाठव. सासूबाई म्हणतात पोरीला इकडं पाठवून दे, मिस्टर म्हणतात नोकरी सोड. डी.एड. करून शिक्षक भरतीची वाट बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. ही नोकरी सोडवत नाही. मुलीची फीही माफ आहे. काय करू?'

नोकरी सोडू नका. आणि पोरीला परभणीला पाठवू नका, निदान या वर्षी तरी नको. हे आधीच सांगून टाकते, कारण या दोन गोष्टींवरून तुमच्या घरात फोनवर रोज वाजत असणार, आणि खरं दुखणं बाजूलाच राहत असणार.

त्या रात्री पोरीनं सांगितलं आईला, आणि ऐकलं रेक्टरनं. आठवीतली कुठलीही मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकता टाकता दिवसभराचं सगळं ओकते. कोण कुणाशी बोलत नाही, कुणी कुणाची वही फाडली, कुणाच्या पेटीत काय आहे. बाकी घरांत ते फोडणीच्या वासात विरून जातं. आई 'हो का' म्हणते आणि भाकरी उलटते. तुमच्या घरात मात्र तासाभरात पेट्यांची कुलपं निघाली. तेरा वर्षांच्या मुलींना एवढा हिशोब जमतो हो. संध्याकाळी ती क्वार्टरमध्ये गेली आणि रात्री मॅडम टॉर्च घेऊन आल्या, यात त्यांना कोडं काय पडणार?

तेव्हा पहिलं काम म्हणजे तिला होस्टेलबद्दल काहीही विचारणं बंद करा. थेट तर नाहीच, आडूनसुद्धा नाही. 'आज जेवताना एवढं काय हसत होत्या गं सगळ्या?' हाही चौकशीचाच प्रश्न आहे, तुम्ही तो कितीही प्रेमानं विचारला तरी. आणि तिला एकदा स्पष्ट सांगा, की तू मला आई म्हणून सांगितलंस आणि मी ते मॅडम म्हणून वापरलं, पुन्हा असं होणार नाही. हे सांगताना पाठोपाठ 'पण तूही समजून घे, माझी जबाबदारी असते' असं शेपूट जोडू नका. जबाबदारी असते, ते तिला चांगलं ठाऊक आहे.

एक अपवाद तिच्याशी आधीच बोलून ठेवा. कुणी स्वतःला इजा करून घेत असेल, कुणी पळून जायचं ठरवत असेल, कुणाला कुणी नको तिथं हात लावत असेल, तर ते सांगायचंच. ती चुगली नव्हे. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली आणि पोलिसांना कळवली नाही, तर पॉक्सो कायद्यानं, म्हणजे 2012 च्या कायद्यानं, तो तुमचाच गुन्हा ठरतो. रेक्टर म्हणून हे तुम्हांला माहीत असेलच. बाकी मोबाईल, मेहंदीचे कोन, डे-वाल्या मुलींकडून गुपचूप मागवलेली कुरकुऱ्यांची पाकिटं, हे शोधायचं असेल तर तुमचं तुम्ही शोधा. त्यासाठी लेकरू नको. शाळेत तक्रारपेटी असेल, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती असेल, 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर रंगवलेला असेल. पेटी शेवटची कधी उघडली ते एकदा बघा. काही शाळांत समितीचा बोर्ड चकाचक असतो आणि बैठकीचं रजिस्टर कोरं. याहून सोपं एक आहे. रविवारी सकाळी मुली डोकी धुऊन पायऱ्यांवर वेण्या घालत बसतात, तेव्हा तुम्हीही तेलाची बाटली घेऊन तिथं बसत जा. पेट्या तपासून जे कळत नाही ते एकमेकींचे गुंते सोडवताना मुली आपण होऊन बोलतात. तुम्हांला मग कुणाच्या सांगण्याची गरज उरत नाही.

आता त्या मोबाईलचं. तुम्ही 'साधा बटणांचा' असं लिहिलंत आणि पुढं निघून गेलात. मी मात्र तिथंच अडकले. त्यावर रील दिसत नाहीत, धड गेमही नसतात. असा फोन पेटीत कपड्यांखाली दडवून ठेवणारी पोरगी रात्री कुणाला फोन करत असेल? घरी, अजून कुणाला. आजी आजारी असेल, धाकटा भाऊ आठवत असेल, आई-बाप भांडत असतील. तुमच्या होस्टेलात घरी फोन करायची सोय काय आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. बऱ्याच ठिकाणी ती आठवड्यातून एकदा, ऑफिसातल्या फोनवर, मागं रांग आणि समोर मॅडम अशी असते. तशीच तुमच्याकडं असेल तर मुख्याध्यापकांशी बोलून आठवड्यातून दोनदा करा, आणि पोरगी बोलत असताना तुम्ही खोलीबाहेर थांबा. त्या मुलीला एकटीला बोलावून विचारा, घरी सगळं बरं आहे ना. तिच्या घरच्यांना तुम्ही बोलावून घेतलंत, पण तेव्हा बोलणं मोबाईलवरच झालं असणार.

टीव्हीची शिक्षा उद्याच्या उद्या मागं घ्या. एकीच्या पेटीसाठी सगळ्या खोलीनं का भोगायचं? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शाळेत मारणं आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. टीव्ही बंद करणं त्यात बसतं की नाही या वादात मी शिरत नाही, पण अख्ख्या खोलीला एका मुलीवर सोडायचा हा हमखास उपाय आहे, आणि ती खोली गेली तुमच्या मुलीवर. मागं घेताना एवढंच म्हणा, 'शिक्षा जास्त झाली, रविवारी टीव्ही लागेल.' आणि निघून या. मुलीचं नाव काढू नका. 'तिनं मला काही सांगितलं नव्हतं' असं तर मुळीच म्हणू नका, खोटं पकडलं जाईल. 'तिच्याशी बोलत जा गं' अशी रदबदलीही नको. तुम्ही नीट वागताय हे दिसलं की त्यांचा राग हळूहळू उतरेल. महिना लागेल, दोन लागतील. तेवढे दिवस तिला जड जाणारच आहेत.

बुंदीबद्दल बोलायलाच हवं. पक्षपात केला असं कुणी म्हणू नये म्हणून तुम्ही तिला शेवटी वाढता. म्हणजे तुमच्या निःपक्षपातीपणाचा खर्च रोज तिच्या ताटातून निघतो. जिची आई रेक्टर नाही अशा एकाही मुलीला तुम्ही मुद्दाम शेवटी वाढत नाही ना? मग हा पक्षपातच झाला, फक्त उलटा. ती रांगेत जिथं उभी असेल तिथं तिला मिळू द्या. तुमच्या हातून होत नसेल तर पळी मेसच्या मावशींच्या हातात द्या. आणि ते 'मॅडम' वर्गापुरतं ठेवा. ग्राउंडवर, मेसमध्ये, क्वार्टरच्या दारात तिनं आई म्हणून हाक मारली तर कुणाचं काय बिघडतं? ती तुमची मुलगी आहे हे त्या सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

तिला होस्टेलात कॉट का हवी असेल? भेटीचा रविवार डोळ्यांसमोर आणा. गेटपाशी काळीपिवळी थांबते, बाया पिशव्या घेऊन उतरतात. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, डब्यात मुरमुऱ्यांचा सुशीला. लिंबाखाली सतरंजी टाकून मायलेकी बसतात, आई घास भरवते, वेणी घालते, दुसरीकडं बघतसुद्धा नाही. आणि तुम्ही? टेबलावर रजिस्टर, सह्या, 'मॅडम, हिला खोकला आहे', 'मॅडम, हिची चादर बदलून द्या'. होस्टेलवाल्या मुलींना आई महिन्यातून एकदा मिळते, पण अख्खी मिळते. तुमच्या मुलीला रोज मिळते ती उरलेली. तिला तुमच्यापासून लांब जायचंय असं मला वाटत नाही. तिला भेटायला कुणीतरी यावं असं वाटतंय.

कॉट मात्र देऊ नका. आत्ता ती त्या खोलीत झोपायला गेली तर मुली म्हणतील, आता कॅमेरा आतच बसवला.

त्याऐवजी घराला दार द्या. रात्रीची हजेरी झाली, दूध झालं, की तासभर क्वार्टरचं दार लावून घ्यायचं. त्या वेळात होस्टेलकडं दुसरी बाई बघेल, आणि ताप किंवा तसंच काही असेल तरच तुमचं दार वाजेल. शिवाय आठवड्याची एक सुट्टी, आणि ती महिन्यातून एकदा तरी रविवारी. त्या रविवारी मिस्टर आलेलेच असतात, तिघं अंबाजोगाईला जा, कुठंही जा, पण आवाराच्या बाहेर.

यावर संस्थाचालक काय म्हणतील ते मी आत्ताच ऐकू शकते. शिक्षकानं विद्यार्थ्यांत राहावं ही आपल्या मराठवाड्याची परंपरा आहे, स्वामी रामानंद तीर्थांनी हिप्परग्याच्या आणि पुढं अंबाजोगाईच्या शाळेत काय केलं ते आठवा. आठवू या की. स्वामीजी संन्यासी होते. त्यांना आठवीतली मुलगी नव्हती आणि परभणीचा संसार नव्हता. चोवीस तासांची रेक्टर ठेवायची तर दोन बायका ठेवाव्या लागतात, हा साधा पगाराचा हिशोब आहे, त्यात परंपरा आणायचं कारण नाही. शाळा स्वयंअर्थसहाय्यित असेल तर बाई वाढवणं संस्थेच्या मर्जीवर असतं, कबूल. पण तुम्ही समजता तेवढ्या हलक्या नाही आहात. पालक इमारत बघून, नीट-जेईई फाउंडेशनचा बोर्ड वाचून फॉर्म भरतात, पण आया मुलीला मागं ठेवून निघतात ते रेक्टरबाईंचं तोंड बघून. हे संस्थेलाही कळतं, आणि प्रवेशाच्या दिवसांत जरा जास्तच कळतं.

तोवर येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, येईल. तुमच्याकडं त्या दिवशी शाळेला सुट्टी असणार, बसनं येणाऱ्या मुली आपापल्या शेतात भज्जी-आंबिलावर ताव मारणार आणि होस्टेल ओस. गावातल्या एखाद्या ओळखीच्या घरानं बोलावलं, तर दोन-चार होस्टेलच्या मुलींना, पालकांची लेखी परवानगी घेऊन, तिकडं जाऊ द्या. त्यांत तुमचीही असू दे. तुम्ही मात्र जाऊ नका. कडब्याच्या कोपीभोवती मुलींना बोलायला खूप काही सुचतं, आणि तिथं कुणी कुणाची रेक्टर नसते.

हे सगळं करूनही वर्ष संपेपर्यंत ती एकटीच राहिली तर? मग नववीला शाळा बदला, घर बदलू नका. तुमच्या घरात अजून कुणाला हे सुचलेलं दिसत नाही. ती तुमच्याजवळच राहील आणि तालुक्याच्या अनुदानित शाळेत जाऊन-येऊन करेल. खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो, अहिल्याबाई होळकर योजनेतून. अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिकवणी फी नसते. तेव्हा 'इथली फी माफ आहे' या एका कारणावर तिला इथं अडकवून ठेवायची गरज नाही. तुमच्या फाट्यावर शाळेच्या वेळेला गाडी थांबते का, ते डेपोत विचारून घ्या. संध्याकाळी बसमधून उतरून ती घरी येईल, आणि घरी आई असेल, रेक्टरची ड्युटी शेजारच्या इमारतीत. मला तर हा मार्ग आत्ताच आवडतोय, पण ठरवायचं तिनं. तिला विचारा, मे महिन्यात नव्हे, आत्ताच.

सासूबाईंना सांगा, सुट्टीत पोरगी येईल, पंधरा दिवस ठेवून घ्या. मिस्टरांना सांगा, शनिवारी रात्री येऊन नोकरी सोड म्हणण्यापेक्षा रविवारी सकाळी पोरीला गाडीवर बसवून बाहेर न्या.

आणि संस्थेला सुट्टीचा, दुसऱ्या बाईचा अर्ज तोंडी करू नका. लेखी द्या, आवक नंबर टाकून घ्या आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा.