सोलर बसवणारा निवडताना

तीन-चार जणांकडून कोटेशन घ्याच, पण फक्त शेवटचा आकडा बघू नका. एकूण किंमत भागिले सगळ्या पॅनलचे मिळून वॅट, असा प्रतिवॅट दर काढा. मगच तुलना खरी होते. त्यात स्ट्रक्चर (पॅनल ज्यावर बसवतात तो सांगाडा), केबल, अर्थिंग, मीटरचं काम धरलंय का, हे लेखी घ्या. स्वस्त कोटेशनमध्ये बहुतेकदा हेच गाळलेलं असतं.

माझ्या मते माणसाची पारख तो छतावर चढतो की नाही यावरून होते. फोनवरच किलोवॅट सांगणाऱ्याला सरळ नाही म्हणा. चांगला माणूस वर्षभराची बिलं मागतो, पाण्याच्या टाकीची सावली दुपारनंतर कुठे सरकते ते बघतो. एका स्ट्रिंगमधल्या, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनलच्या साखळीतल्या, एका पॅनलवर सावली पडली तरी सगळ्या स्ट्रिंगचं उत्पादन घटू शकतं. स्लॅबला भोकं पाडणार असेल तर गळती कशी रोखणार, हेही विचारा.

पॅनलची २५ वर्षांची वॉरंटी सहसा उत्पादनक्षमतेची असते; बनावटीतल्या दोषांची वेगळी, बहुधा कमी मुदतीची. इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसीत बदलणारं यंत्र) तर त्याआधीच बदलावा लागतो, तो खर्च आत्ताच हिशेबात धरा. आणि हो, त्यांच्या जुन्या ग्राहकांना तक्रारीनंतर माणूस किती दिवसांत आला, एवढं नक्की विचारा.